दर दोन तासांनी कूस

तासगाव, १७९० च्या सुमारास

तुम्ही परांचीवर उभे आहात. पाय अनवाणी, डोक्यावर चुन्याची पाटी, पायाखालचे बांबू रात्रीच्या दवाने अजून ओले. सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ साली या गणपतीच्या देवळाचं काम काढलं, आणि तुम्ही चढताय ते त्याचं गोपुर आहे. भाऊंनी दक्षिणेच्या स्वाऱ्यांत जशी गोपुरं पाहिली तसंच, सात मजली. इतक्या उंचीवरून आपलं गाव तुम्ही पहिल्यांदाच पाहताय.

काथ्याची एक गाठ सुटते.

खाली पडल्यावर दुखत नाही, याचंच तुम्हाला आधी नवल वाटतं. "उचला, उचला!" म्हणत चौघे धावतात. दोघे काखेत हात घालतात, दोघे पाय धरतात. झोळीसारखी तुमची कंबर मधे लोंबते. कण्याच्या आत मज्जारज्जू असते, जेमतेम करंगळीएवढी जाड. मोडलेल्या मणक्याची कड त्या लोंबण्याने तिच्यात आणखी रुतते. असं उचलू नये हे त्या चौघांना कुणी सांगितलेलं नाही. ते तुमचे सोबती आहेत, धावत आले आहेत, एकजण तर रडतो आहे.

घरी आई तुम्हाला उताणं निजवते आणि खाली घरातली सगळ्यात मऊ वाकळ घालते. "हलवू नगासा त्याला, दुखंल," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला बजावते. तुम्हीही हलत नाही. पाय दिसतात, पण ते तुमचे राहिलेले नाहीत. चौथ्या दिवशी माकडहाडावर लाल चट्टा उठतो. तो तुम्हाला जाणवत नाही, कारण जाणीवच कमरेपाशी थांबली आहे. तो आईलाही दिसत नाही, कारण तो तुमच्या पाठीखाली आहे. हाडाच्या आणि वाकळीच्या मधे चामडी दबली, तिचं रक्त अडलं, ती मेली. दहाव्या दिवशी घरात वास येऊ लागतो. मग ताप. मग एका पहाटे आईचा हात तुमच्या कपाळावर असतानाच सगळं थांबतं.

त्या घरात माया कमी नव्हती. दर थोड्या वेळाने माणसाला कुशीवर वळवावं एवढीच गोष्ट तिथे कुणाला ठाऊक नव्हती.

स्टोक मँडेव्हिल, इंग्लंड, फेब्रुवारी १९४४

दीडशे वर्षं गेली. जगात आगगाडी आली, वीज आली, विमान आलं. पण मणका मोडलेल्याचं मरण तेच राहिलं. पहिल्या महायुद्धात ज्यांच्या मज्जारज्जूला गोळी लागली त्यांतले बहुतेक जण थोड्याच काळात दगावले. कशाने, तर पाठीवरच्या जखमांनी आणि लघवीतून मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या विषाने. डॉक्टरही अशा माणसाकडे पाहून मान हलवत आणि पुढच्या खाटेकडे वळत.

आता तुम्ही एका लांबट वॉर्डात आहात. बाहेर युद्ध सुरू आहे. १ फेब्रुवारीला हा विभाग उघडला. त्याचे प्रमुख लुडविग गुटमान १९३९ साली नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू डॉक्टर आहेत. रात्रीचे दोन वाजले आहेत. चार माणसं तुमच्या खाटेशी येतात. एकजण डोकं आणि खांदे धरतो, दुसरा कंबर, तिसरा पाय. चौथा उशा सरकवतो. खूण होते आणि तुमचं अख्खं अंग एका ओंडक्यासारखं, कुठेही पीळ न पडता, कुशीवर वळतं. मग ते पुढच्या खाटेकडे जातात. चार वाजता परत येतात. सहाला परत. दिवसा, रात्री, रविवारी, सणाला.

यात जादूचं औषध नाही, यंत्र नाही. घड्याळ आहे आणि हात आहेत.

पण गुटमान इथेच थांबत नाहीत. जखमा भरल्या की ते माणसाला खाटेवर पडू देत नाहीत. सुतारकामाला लावतात, घड्याळं दुरुस्त करायला बसवतात, हातात चेंडू देतात. २९ जुलै १९४८ ला तिकडे लंडनच्या ऑलिंपिकचं उद्घाटन होत असतं. त्याच दिवशी इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिक चाकाच्या खुर्चीत बसून धनुष्य ओढतात. त्यांत दोन स्त्रिया आहेत. त्या हिरवळीवरूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. बाण सुटतो तेव्हा तुमच्या लक्षात येतं की इथे माणूस वाचवणं म्हणजे फक्त श्वास चालू ठेवणं नव्हे.

सियालकोट १९६५, हायडेलबर्ग १९७२

हे ज्ञान हिंदुस्थानात सर्वांत आधी ज्यांच्यापर्यंत पोहोचलं, त्यांत लष्कर होतं. त्यामुळे ही पुढची गोष्ट वाळवा तालुक्यातल्या पेठ गावच्या पोराची आहे. तासगावहून पेठ काही फार दूर नाही, जिल्हा एकच.

मुरलीकांत पेटकर. १९४४ चा जन्म. कुस्तीच्या मातीतला पोरगा, लष्करात गेल्यावर मुष्टियोद्धा झालेला. १९६५ च्या युद्धात सियालकोट क्षेत्रात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या, एक मणक्यापाशीच राहिली. पाय लुळे पडले. उपचारांचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. पाण्यात पायांचं ओझं हलकं होतं, आणि बाकीचं काम खांद्यांना करता येतं.

तुम्ही आता जर्मनीत, हायडेलबर्गच्या तलावाच्या काठावर आहात. ऑगस्ट १९७२. इथवर यायला पैसे लागतात, आणि ते सरकारी तिजोरीतून सहज मिळालेले नाहीत. माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांची अपंग खेळाडूंसाठी काम करणारी संस्था मागे उभी राहिली आहे. शिट्टी वाजते. पन्नास मीटर, मुक्त शैली. पाण्यावर फक्त दोन हात दिसतात. ३७.३३ सेकंद. जागतिक विक्रम आणि सुवर्णपदक. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय पॅरालिंपिकपटू. भारताच्या राष्ट्रपतींच्या हातून पद्मश्री घ्यायला मात्र त्यांना २०१८ पर्यंत थांबावं लागलं.

दोनच वर्षांनी, १९७४ साली, पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभं राहतं. तिथे हात न चालणारे जवान तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात, खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळतात.

पण हायडेलबर्गच्या टाळ्या थांबण्याआधी तुम्हाला तिथून निघायचं आहे. कारण त्याच १९७२ साली तुम्ही तुमच्या गावातही पडणार आहात.

तासगाव, १९७२

दुष्काळ. येरळा नुसती वाळू झाली आहे. बायाबापड्या रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताहेत, आणि शिवारात जागोजागी विहिरी खोल जाताहेत. तुम्ही विहिरीच्या तळाशी आहात. वर यारी आहे, तिच्या दोराला दगडाने भरलेली बादली लटकते आहे. दोराचा आकडा निसटतो.

या वेळी तुम्हाला ट्रकमध्ये घालून मिरजेला नेतात. जीव वाचतो. दीड महिन्याने घरी येता तेव्हा सगळी गल्ली ओट्यावर उभी असते. बायकोला कुणीतरी सांगितलं आहे की कूस बदलत राहा, आणि ती बदलते. दळण, पाणी, पोरं, रोजगार, हे सगळं करून दिवसा बदलते. रात्री दमून तिचा डोळा लागतो. तरी तुम्ही जगता. एक वर्ष. दोन वर्षं.

मग लघवीचं दुखणं सुरू होतं. मूत्राशयाला आपण भरल्याची खबर वर पाठवता येत नाही आणि वरचा हुकूम खाली येत नाही. ते तुंबतं, ताणतं, मागे मूत्रपिंडावर दाब टाकतं. तुम्ही पडलात त्याच १९७२ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जॅक लापिडिस नावाचे डॉक्टर एक साधी गोष्ट लिहून प्रसिद्ध करतात. रुग्णाने स्वतःच्या हाताने, हात धुऊन, ठरावीक वेळाने एक पातळ नळी घालून मूत्राशय रिकामं करावं. नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ हवी आणि वेळ चुकवायची नाही. त्या एका कागदाने पुढे जगभर किती मूत्रपिंडं वाचली!

पण तो कागद तुमच्या गल्लीत यायला अजून खूप वर्षं आहेत. तुम्हाला थंडी वाजून ताप येतो, अंगावर सूज येते. तुम्ही पडलात त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यातला, तशीच दुखापत झालेला माणूस जागतिक विक्रम करून आला. तुम्ही मात्र चौतिसाव्या वर्षी गेलात. दोघांच्या धाडसात फरक नव्हता, मणक्यातही नव्हता. एकाच्या भोवती काय करायचं ते जाणणारी माणसं होती, दुसऱ्याच्या भोवती नव्हती.

कोल्हापूर, २००५

आणि आता पुन्हा एकदा पडा. २००४ चा फेब्रुवारी आहे, द्राक्षाचा हंगाम. तासगाव आता बेदाण्याची पेठ आहे, शिवारभर मांडव आणि शेड. तुम्ही पेट्यांनी भरलेल्या ट्रकवर दोर आवळताय. दोर तुटतो. डांबरी रस्ता.

शस्त्रक्रिया होते, कण्यात स्क्रू बसतात. घरी येता. या वेळी हवेची गादी आहे, औषधं आहेत. पण घराला तीन पायऱ्या आहेत आणि संडास परसात आहे. अकरा महिने तुम्ही एकाच खोलीचं छत पाहता. तुळया मोजून झाल्या, कौलं मोजून झाली. भेटायला येणारे "देवाची मर्जी" म्हणून चहा पिऊन जातात. एक दिवस शाळेतले जुने गुरुजी येतात आणि उशाशी एक पुस्तक ठेवतात. 'चाकाची खुर्ची', नसीमा हुरजूक यांचं आत्मकथन.

तुम्ही ते दोन रात्रींत वाचता. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, अचानक कमरेखालचं सगळं बंद. निराशेच्या तळाशी असताना तिला बाबूकाका दिवाण भेटतात. ते स्वतः पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली तसेच लुळे, आणि तरी उद्योग सांभाळणारे. उपदेश ऐकून नव्हे, तसाच माणूस समोर बसलेला पाहून ती उठते. शिकते, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी करते, आणि १९८४ साली सहकाऱ्यांसोबत कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करते. पोलिओने पाय गेलेल्या गायिका रजनी करकरे-देशपांडे तिच्यासोबत असतात.

मार्चमध्ये भाऊ तुम्हाला जीपमध्ये घालून कोल्हापूरला आणतो. संस्थेच्या दारात पायरी नाही, उतार आहे. एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांब उतार लागतो, तेव्हा खुर्ची आपल्या हाताने चढवता येते. अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणीही न उचलता तुम्ही एका दारातून आत जाता. वर्कशॉपमध्ये ज्यांच्यासाठी खुर्च्या बनतात तेच लोक त्या बनवताहेत. पाइप कापताहेत, वेल्डिंग करताहेत. वसतिगृहात मुलं शाळेची तयारी करताहेत. पलीकडे एका खुर्चीतून एक बाई कामाचा हिशेब विचारताहेत. त्यांना सगळे दीदी म्हणतात.

संध्याकाळी तुमच्या खाटेशी एकजण खुर्ची ढकलत येतो. तुमच्यापेक्षा वयाने लहान, दुखापतीने मोठा. नऊ वर्षं झाली त्याला. तो तुमचं सांत्वन करत नाही. खिशातून लांब दांड्याचा आरसा काढतो.

"हे घ्या. रोज दोन वेळा. सकाळी आणि झोपताना. माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा. लाल दिसलं की त्या जागेवर वजन द्यायचं नाही, लाली जाईपर्यंत. तुमच्या पाठीचं आता डोळ्यांनी कळतं, अंगाला नाही कळत."

तुम्ही आरसा फिरवता. स्वतःची पाठ माणूस आयुष्यात किती वेळा पाहतो? माकडहाडावर जुन्या जखमेचा व्रण आहे, चकचकीत, पावलीएवढा. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी याच जागेने तुम्हाला मारलं होतं.

मग तो खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात टेकून अंग वर उचलायला शिकवतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी, बोलता बोलता, जेवता जेवता. नळी स्वतःच्या हाताने घालायला शिकवतो, घड्याळ लावायला शिकवतो. जॅक लापिडिसचं नाव त्याला ठाऊक नाही. त्याला एका माणसाने शिकवलं, त्या माणसाला आणखी कुणी. असाच तो मिशिगनचा कागद अखेर तुमच्यापर्यंत आला, हातातून हातात.

वर्षभराने तुम्ही तासगावला परत येता. दाराशी उतार करून घेता. संडासाचं दार तीन फूट रुंद करता, तोही घरात आणता. बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचं काम मिळतं. तराजू दिसेल अशा जागी तुम्ही बसता, आणि दर पंधरा मिनिटांनी हातांवर अंग उचलता. पहिला आठवडा सगळे बघतात. मग कुणी बघत नाही.

तासगाव, ६ सप्टेंबर २०१६

काल गणेश चतुर्थी होती. कालच, ५ सप्टेंबरला, जगात पहिल्यांदा मज्जारज्जू दुखापत दिन पाळला गेला. आणि आज ऋषिपंचमी. तासगावच्या देवाची दीड दिवसाची मुदत आज भरते. दुपारपासून रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. उंच लाकडी रथाचे दोर माणसांनी धरले आहेत, आणि "मंगलमूर्ती मोरया" म्हणत रथ काशिविश्वेश्वराच्या देवळाकडे हलतो आहे. गुलाल, खोबरं, पेढे उधळले जाताहेत. मागे गोपुर उभं आहे, सात मजली. तुम्ही एकदा त्याच्यावरून पडला होता.

तुमची खुर्ची मात्र आज उलट दिशेने जाते आहे. पलीकडच्या गल्लीत एक पोरगा आहे, एकवीस वर्षांचा. जून महिन्यात मोटारसायकलवरून पडला. छातीच्या वरच्या भागाखाली काही कळत नाही. त्याच्या बापाने सकाळी निरोप पाठवला होता, "जरा येऊन जावा, दादा. पोरगं बोलंना झालंय."

दाराला उंबरा आहे. दोघे तुम्हाला खुर्चीसकट आत घेतात. पोरगा उताणा आहे. तोंड लाल, कपाळावर घामाचे थेंब, डोळे घट्ट मिटलेले. आई म्हणते, "डोकं फुटंल असं दुखतंय म्हणतो. सकाळधरनं. गर्दीचा आवाज लागला असंल, दार लावून घेतलंय."

तुम्हाला आतून थंड वाटतं, कारण तुम्ही हे ऐकलेलं आहे. छातीच्या मध्यावर किंवा त्याहून वर दुखापत झालेल्या माणसाचं मूत्राशय तुंबलं की ते दुखणं मेंदूपर्यंत पोहोचत नाही. पण शरीर आत घाबरतं आणि रक्तदाब भराभर चढतो. तो मेंदूची शीर फोडू शकतो.

"बसतं करा त्याला. आधी बसतं करा. पाठीला उशा द्या, पाय खाली सोडा. पट्टा, नाडी, सगळं सैल करा."

ते करतात. तुम्ही चादर बाजूला घेता. लघवीची नळी त्याच्या मांडीखाली दुमडली आहे, बागेतल्या पाइपासारखी. पिशवी कोरडी. तुम्ही मांडी उचलायला सांगता आणि दोन बोटांनी नळी सरळ करता. एक क्षण काही होत नाही. मग पिशवीत धार लागते, लागतच राहते. खोलीत सगळे त्या पिशवीकडे बघत उभे आहेत. दहा मिनिटांनी पोरगा डोळे उघडतो.

"कमी झालं," तो म्हणतो. तुम्ही आल्यापासूनचे त्याचे हे पहिले शब्द.

"पुन्हा असं झालं आणि नळी मोकळी करूनही उतरलं नाही, तर एकशेआठला फोन. थांबायचं नाही." तुम्ही हे आईला तीनदा म्हणायला लावता. मग त्याला कुशीवर घेऊन पाठ बघता. माकडहाडावर लाल चट्टा आहे, हाताच्या तळव्याएवढा. अजून चामडी शाबूत आहे. अजून वेळ आहे.

"रात्री कोण वळवतं?"

आई खाली बघते. "मीच. पर दोन वाजताचं जमत न्हाई कवा कवा. डोळा लागतो."

तुम्हाला ती ओळखीची वाटते. मऊ वाकळ घालणारी तीच, १९७२ ला दमून झोपलेली तीच. तिची माया कधीच कमी पडली नव्हती. तिला दरवेळी एकटं सोडलं गेलं होतं. माणूस जखमी होतो एक, आणि आपण त्याची सगळी रात्र एका बाईच्या डोळ्यांवर टाकून मोकळे होतो.

बाहेर गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा मांडव आहे. पोराचे मित्र दारात ताटकळले आहेत, अंगभर गुलाल. तीन महिने ते येतात, दारात उभे राहतात आणि काय बोलावं ते न सुचून परत जातात.

"मंडळाच्या गणपतीजवळ रात्री जागं कोण असतं रे?" तुम्ही विचारता.

"पाळ्या लावल्यात की, दादा. यादी हाय. दोघं दोघं."

"आण ती यादी."

वहीचं पान येतं. रोजच्या तारखा, समोर नावं. तुम्ही पेन मागता आणि पानाच्या उजवीकडे एक नवी रेघ मारता. वर लिहिता: दहा, बारा, दोन, चार. ज्याची पाळी असेल त्या दोघांनी गणपतीपुढचं निरांजन बघायचं, मग वीस पावलं चालून इथे यायचं आणि आपल्या मित्राची कूस बदलायची.

"आम्हाला येईल का?" एकजण विचारतो.

"आत ये. हात धुऊन घे."

चौघे खाटेशी उभे राहतात. एकाचे हात खांद्यांवर, दुसऱ्याचे कमरेवर, तिसऱ्याचे पायांवर. चौथ्याच्या हातात उशी. "ओढायचं नाही, पीळ पाडायचा नाही. अख्खं अंग एकदम, ओंडक्यासारखं. मी तीन म्हटलं की."

दूरवर रथ वळणावर आला असावा, गजर वाढतो. खोलीतल्या एकाचंही तिकडे लक्ष नाही. तुम्ही आरसा खाटेच्या दांडीला अडकवता.

"एक," तुम्ही म्हणता. "दोन."

"गणपतीचं विसर्जन झालं की पाळ्या संपल्या, दादा," उशी धरलेला मधेच विचारतो. "त्याच्या पुढं?"

खाटेवरचा पोरगा उत्तर देतो. तुम्हाला द्यावं लागत नाही.

"वही संपंस्तवर," तो म्हणतो.

"तीन."